हावेचा डबा

सरांच्या खोलीत शिरायचं तर आधी शिट्टी मारावी लागे. आत मिट्ट काळोख आणि त्या काळोखात काचेची भांडी. आतून उलट एक शिट्टी आली की समजायचं, सर उजव्या टेबलापाशी आहेत, आपण डावीकडची भिंत धरून सरकायचं. दोन शिट्ट्या आल्या तर जागचं हलायचं नाही, कारण सरांच्या हातात बाटली आहे. पहिल्या दिवशी हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी आपली दार ढकलून सरळ आत.

"कोण? म्हैस का माणूस?" काळोखातून आवाज आला.

"पीएच.डी.साठी आलेय, सर."

"मग दार लाव की बाई! औषध मरतंय हितं!"

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात, जिन्याखाली, ही खोली होती. खिडक्यांना काळा कागद, छताला एक मिणमिणता लाल बल्ब, बस्स. डोळे सरावल्यावर मला सर दिसले. बुटके, रुंद खांद्यांचे, तरुणपण तालमीत घालवल्यामुळे दोन्ही कान मोडलेले, आणि अंगात भर उन्हाळ्यातही जाड तपकिरी कोट. पांढरा कपडा त्यांना चालत नसे. "पावडरीनं धुतलेला पांढरा शर्ट निळ्या उजेडात चकाकतोय. यंत्र येडं हुतंय," असं म्हणून त्यांनी माझा पांढरा ॲप्रन पहिल्याच दिवशी खुंटीला टांगायला लावला. तो तिथेच लटकून तपकिरी झाला असावा, मी परत कधी घातला नाही.

आता हे औषध कुठलं आणि ते मरतं कसं, ते सांगायला हवं. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की डॉक्टर तिच्यात स्टेंट बसवून वाट मोकळी करतात. पण काही जणांची ती नळी आतून पुन्हा जाड होत जाते. त्यावर एक युक्ती अशी की नळीच्या भिंतीत एक औषध मुरवायचं. ते एरवी गप्प बसतं. त्याच्यावर ठरावीक रंगाचा उजेड टाकला की जागं होतं आणि भलत्या जागी वाढणाऱ्या पेशींना मारतं. साधा उजेड लागला तर मात्र वापरायच्या आधीच खराब होतं, म्हणून हा सगळा काळोख. सरांचा प्रश्न एकच होता. भिंतीत औषध मुरतं तरी किती?

"उजेड पाडणारे जगात लय हायत," सर म्हणायचे. "मुरलंय किती, ते कोण मोजणार? तुझा मामा?"

मोजायचं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. लाडवाचा जुना पत्र्याचा डबा, आतून काळा रंगवलेला. एका भोकातून निळा उजेड नळीच्या तुकड्यावर पडायचा. औषध त्या निळ्या उजेडात तांबडं चमकतं. दुसऱ्या भोकात तांबडी काच आणि तिच्यामागे उजेड मोजणारा डोळा. औषध जास्त मुरलेलं असेल तर चमक जास्त आणि बाहेरच्या पट्टीवर आकडा मोठा. मला पहिल्यांदा ती चमक नुसत्या डोळ्यांनी दाखवायला सरांनी डबा उघडा ठेवून निळा उजेड टाकला. करंगळीएवढा तो तुकडा काळोखात असा तांबडा पेटला की माझ्या तोंडून "यव्वा!" निघून गेलं. सर टाळी देत म्हणाले, "ह्यो खरा तांबडा रस्सा! बघ की, बघ!" तीस वर्षं ते हे बघत आले होते, आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षा जास्त कापत होता.

त्या माणसाला चमकणाऱ्या कुठल्याही वस्तूचं वेड होतं. कोटाच्या खिशात कायम एक निळा टॉर्च. दुधावर टाकून बघ, मधावर टाकून बघ, समोरच्याच्या दातांवर टाकून बघ. पुतणीच्या हळदीला म्हणे त्यांनी मांडवातले सगळे दिवे घालवायला लावले आणि नवरीच्या अंगावर टॉर्च मारला. पोरगी डोक्यापासून पायापर्यंत हिरवीपिवळी झळाळली. मांडवात आधी किंकाळ्या, मग टाळ्या. हा किस्सा ते दर महिन्याला एकदा सांगायचे. मीही दर वेळी हसायचे, आणि हसण्यापलीकडे त्याचा विचार कधी केला नाही. तो करायला हवा होता.

आणि मग तो दुसरा डबा. साधा, चहापत्तीचा, झाकणाला चीर पाडलेला. तो हावेचा डबा. यंत्रावरचा आकडा बघण्याआधी सर आणि मी, दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर आपल्याला *हवा असलेला* आकडा लिहायचा आणि त्यात टाकायचा. येईल असं वाटतं तो नव्हे, हवा तो. एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. मोजण्यांची एक मालिका संपली की डबा उघडायचा आणि चिठ्ठ्या वहीशेजारी मांडायच्या.

"हाव सगळ्यास्नी असती," सर म्हणाले. "मला जरा जास्तच हाय. म्हणून ती आधी डब्यात कोंडायची. आणि आपल्याला पायजे तोच आकडा रोज याय लागला तर खूश व्हायचं न्हाय, घाबरायचं. कळलं का?"

"कळलं, सर," मी म्हटलं. आम्हा दोघांनाही ते कळलेलं नव्हतं.

राहिला प्रश्न नळीचा. माणसाची नळी कोण देणार? सर बकऱ्याची वापरायचे. हृदयापासून निघणारी जाड रक्तवाहिनी, ताजी, सकाळची. ती आणायचं काम माझं. मी गडहिंग्लजच्या पलीकडची, घरात किराण्याचं दुकान, आई-वडिलांच्या गळ्यात लिंग. आमच्याकडे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर. आणि मी रोज सकाळी साडेसातला मोपेडवरून मटणाच्या दुकानापुढे उभी! आईचा, म्हणजे आमच्या अव्वाचा, फोन यायचा, "काय करतीस गं तिथं?" मी सांगायचे, "नळ्या मोजते." अव्वानं गावभर सांगितलं की पोरगी पाण्याच्या खात्यात चिकटणार.

दुकानाचे मालक साठीचे होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. मी तोंड रस्त्याकडे फिरवून, हात मागे करून डबा पुढे धरायचे. मामा हसायचे. "ताई, तोंड फिरवा, पर डबा तरी नीट धरा. काल नळी माझ्या पायावर पडली असती." पुढे उन्हाळा लागला तशी मी ओढणीही नाकाला लावू लागले. मामांनी ते पाहिलं असणार. मला वाटायचं, त्यांचं लक्ष गिऱ्हाइकात आहे.

दिवाळीनंतरचे चार महिने आम्ही कोऱ्या नळ्या मोजल्या, म्हणजे औषध न घातलेल्या, आणि मग साधं औषध मुरवलेल्या. आकडे बेताचे. मार्चमध्ये सरांनी नवी शक्कल काढली. तेच औषध चरबीच्या अगदी बारीक थेंबांत गुंडाळायचं, म्हणजे ते भिंतीत सहज शिरेल. पहिला तुकडा यंत्रात ठेवला. चिठ्ठ्या टाकल्या. सरांनी पट्टीवर टॉर्च धरला आणि मोठ्यानं आकडा वाचला. मग परत वाचला. मग मला वाचायला लावला.

तिप्पट! थंडीतल्या साध्या औषधाच्या तिप्पट!

दुसऱ्या दिवशी तिप्पट. तिसऱ्या दिवशी तिप्पटीच्या आसपास. सर काळोखात शिट्टीवर शिट्टी वाजवू लागले, कोणती कशाची ते कळेना. एप्रिल उजाडेस्तोवर आम्ही लेख लिहून परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाला पाठवलाही. मालिका संपली होती, तरी हावेचा डबा उघडायची आठवण सरांना राहिली नाही. मला राहिली होती. मी बोलले नाही. माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांवर यंत्र रोज देत होतं तोच मोठा आकडा आहे, हे मला ठाऊक होतं. महिन्याभरात लेख स्वीकारल्याची मेल आली. सरांनी अख्ख्या विभागाला पेढे वाटले. मेअखेर ते निवृत्त होणार होते, ती खोली कॉम्प्युटरसाठी जाणार होती, आणि जाता जाता पठ्ठ्यानं मैदान मारलं होतं. माझी पीएच.डी.ही त्याच आकड्यांवर उभी होती.

मेल आल्याच्या चौथ्या दिवशी मी एक चूक केली. सर बाहेर गेले होते. मी काळोखात नळीचा तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात ठेवला, तासाभरानं धुतला, यंत्रात घातला, आकडा वहीत उतरवला. रोजच्यासारखा मोठा. मग हात त्या दिवसाच्या औषधाच्या बाटलीला लागला आणि ती भरलेली होती. तोंडापर्यंत. त्या दिवशी मी औषध घातलंच नव्हतं.

म्हणजे कोऱ्या नळीनं एवढा आकडा दिला होता.

मी दुसरा कोरा तुकडा घातला. आकडा मोठाच. तिसरा घातला. तोही तसाच. हे कुणालाच माहीत नव्हतं, सरांना नाही, लेख तपासणाऱ्यांना नाही. वहीचं एक पान फाडलं असतं तर काम झालं असतं. खोटं कशाला बोलू, मी ते पान चिमटीत धरलं होतं. तेवढ्यात बाहेरून शिट्टी आली.

मी उत्तर दिलं नाही. सर दारातच थांबले. "काय गं? दोन शिट्ट्या का एक?"

"सर, कोरी नळी चमकतेय," मी म्हटलं आणि रडू लागले.

सर भिंत धरून आत आले. तिन्ही आकडे त्यांनी टॉर्चच्या उजेडात वाचले. मी त्यांच्या चपलांची करकर ऐकत होते, टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत. मग एकदम ओरडले, "अगं म्हंजे चोर घरातच हाय की! धर त्याला!"

आणि त्या माणसाला असा काही जोर चढला की बस्स. यंत्राचा डोळा पुसून बघितला. मिठाचं पाणी बदललं. माझे हात धुवायला लावले, साबण बदलून पुन्हा धुवायला लावले. आकडा हटेना. "काच न्हाय, पाणी न्हाय, तू न्हाय, मी न्हाय. मग र्‍हायलं काय?" सर खिडकीपाशी गेले आणि तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. काळा कागद टराटरा फाडला. मेच्या दुपारचं ऊन धाडकन आत आलं. मी डोळे झाकून घेतले.

उघडले तेव्हा सर नळ्या कापायच्या लाकडी पाटाकडे बघत होते. पाट पिवळा होता. चिमटा पिवळा. बशीतला नळीचा तुकडासुद्धा फिकट पिवळा. लाल बल्बखाली पिवळं काय आणि पांढरं काय, दोन्ही सारखंच दिसतं. दोन महिने ते आमच्या नाकासमोर होतं.

सरांनी पाटावर बोट फिरवलं, हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हळद," ते म्हणाले.

पुढची पंधरा मिनिटं मी सरांच्या स्कूटरवर मागे बसून जीव मुठीत धरला होता. तपकिरी कोट वाऱ्यानं फुगलेला, सिग्नल दिसत होते की नाही देव जाणे. मामा दुकान धुवून घरी निघायच्या बेतात होते.

"मामा, पोरगीला नळी देताय, तिला काय लावता का?"

"काय न्हाय की सर," मामा दचकले. "सोच्छ धुतोय. वाईच हळद चोळतोय, बस."

"कवापासनं?"

"उन्हाळा लागल्यापासनं. ताईस्नी वास सोसंना. नाकाला पदर लावून हुब्या र्‍हात्यात बिचाऱ्या. लिंगायताची पोरगी, शिक्षणापायी येती. म्हटलं, हळद लावली तर वास मारायचा न्हाय, नळी बी चांगली र्‍हाईल." मामांनी माझ्याकडे, मग सरांकडे पाहिलं. "का वो? काय चुकलं काय?"

सर दुकानाच्या पायरीवर बसले आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी, धाप लागलेली, तरी हसतायत. "मी येड्यानं मांडवात नवरीवर टॉर्च मारला, आणि हितं माझ्याच पाटावर हळद! मामा, चुकलं न्हाय वो, सापडलं!" असं म्हणून त्यांनी उठून मामांना मिठी मारली. मला मात्र जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. मी एकदा, फक्त एकदा, मान वळवून मामांच्या हातांकडे बघितलं असतं तर!

लेख मागे घेतल्याची मेल सरांनी त्याच संध्याकाळी पाठवली. एका बोटानं टाइप करत होते. मी म्हटलं, "सर, एक दिवस थांबूया का?" ते म्हणाले, "कशाला? उद्या खरं हुणार हाय व्हय ते?" आणि बटण दाबलं. मग खिडकीला नवा कागद लावायला घेतला, गाणं गुणगुणत. मला त्यांचा रागच आला. एवढं गेलं, आणि या माणसाला काहीच वाटत नाही? मी तसं बोललेही. सर म्हणाले, "एकवीस दिवस हायत. रडायचं का मोजायचं?"

मोजायचं ठरलं. हावेच्या डब्यातल्या जुन्या चिठ्ठ्या काढून तो रिकामा केला. सगळं पहिल्यापासून, आणि रोजच्या नळीचा एक तुकडा कोरा ठेवून, त्याचा आकडा वजा करून. मला एक जादा हुकूम होता. दुकानात तोंड फिरवायचं नाही. पहिल्या दिवशी मी बघितलं आणि घरी जाऊन काही खाल्लं नाही. पाचव्या दिवशी मी मामांना म्हटलं, "ही फाटलीय, दुसरी द्या." मामा ओरडले, "आता खरी गिऱ्हाईक झाला बघा ताई!" रोज नळी द्यायच्या आधी ते दोन्ही तळवे माझ्यापुढे पसरायचे. "बघा. हळद न्हाय, मीठ न्हाय. लिवून घ्या." आणि मी खरोखरच वहीत लिहून घ्यायचे.

किती मजेचे दिवस होते ते! सकाळी मामांचे तळवे, मग काळोख, शिट्ट्या, चिठ्ठ्या, आकडे. सर सरबताची बाटली समजून एकदा मिठाचं पाणी प्यायले आणि म्हणाले, "उन्हाळ्यात चांगलंच असतंय." आकडे मात्र लहान येत होते. गुंडाळलेलं औषध साध्यापेक्षा जास्त मुरत होतं, पण थोडंसंच. तिप्पट नव्हे, दुप्पटही नव्हे. तरी दर दिवशी तेवढंच, न हलता. सर प्रत्येक आकडा स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात वहीत उतरवायचे आणि खाली रेघ मारायचे.

शेवटचा तुकडा निवृत्तीच्या दिवशी मोजला. बाहेर विभागाची माणसं हार आणि नारळ घेऊन ताटकळली होती. सरांनी आकडा लिहिला, वही मिटली, खिडकीचा कागद काढला. मग चहापत्तीचा डबा माझ्यासमोर ठेवला. "ह्या खेपेला इसरायचं न्हाय. उघड."

मी चिठ्ठ्या तारखेप्रमाणे मांडल्या. माझ्या चिठ्ठ्या मी शहाणपणानं लिहिल्या होत्या. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर यंत्र जे देत होतं, त्याच्याच आसपासचे आकडे. मग सरांच्या उघडल्या. पहिलीवर एकच शब्द. दुसरीवर तोच. पाचवीवर, बारावीवर, विसाव्या दिवशीच्या चिठ्ठीवर, आणि आत्ता, दहा मिनिटांपूर्वी टाकलेल्या शेवटच्या चिठ्ठीवरही.

तिप्पट. तिप्पट. तिप्पट.

शेजारी वहीत त्याच हाताचे, त्याच टपोऱ्या अक्षरातले लहान लहान आकडे होते. मला एकदम भडभडून आलं. स्कूटरवरून उडत गेलेला, पायरीवर लोळून हसलेला, गुणगुणत कागद चिकटवणारा हा माणूस एकवीस दिवस रोज हेच मागत होता, आणि रोज स्वतःच्या हातानं दुसरंच लिहीत होता. आणि मी त्यांना म्हणाले होते, तुम्हाला काहीच वाटत नाही.

"सर..." मी चिठ्ठ्या त्यांच्याकडे सरकवल्या.

सरांनी शेवटची चिठ्ठी उचलली, उजेडात धरून बघितली आणि मोडक्या कानामागे खाजवलं. "सुटत न्हाय गं हाव," ते म्हणाले. "म्हणून तर डबा हाय."

त्यांनी चिठ्ठ्या गोळा करून परत आत टाकल्या, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. मग खुंटीवरचा माझा ॲप्रन काढून त्याला हात पुसले आणि हार घालून घ्यायला बाहेर गेले.

माझ्या प्रबंधात हळदीवर एक अख्खं प्रकरण आहे: तिच्या हिरव्यापिवळ्या चमकेत थोडं तांबडंही असतं, आणि तेवढंच तांबड्या काचेतून आत जात होतं. ते वाचून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "चूक माझी, आणि पीएच.डी. तुमची व्हय?" आता मी दुसऱ्या गावच्या कॉलेजात शिकवते. माझ्याही खोलीत काळोख असतो, दारावर शिट्टी मारावी लागते. आणि यंत्राचा आकडा बघण्याआधी मी चिठ्ठी लिहिते. चहापत्तीच्या त्या डब्यात सरांच्या एकवीस चिठ्ठ्या तळाशी तशाच आहेत, त्यांच्यावर माझी पडते. परवाच नव्या औषधाची पहिली मोजणी होती. चिठ्ठीवर नेमस्तपणे एक लहानसा आकडा लिहिला होता. तो खोडला, आणि मनापासून जो हवा होता तो लिहिला.